सोपान, तू एका मतानं पडलास

सोपान, तुझ्या मयताची गर्दी बघून मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, हेवा होता. दुःख नंतर आलं, घरी परतताना रिक्षात बसल्यावर. हडपसरच्या स्मशानभूमीबाहेर गाड्या लावायला जागा उरली नव्हती. मार्केट यार्डातली आपल्याकडची माणसं अर्ध्या पाळीतून, अंगावर कांद्याची फोलं तशीच घेऊन आली होती. खराडीच्या ऑफिसातली पोरं गळ्यातली ओळखपत्रं खिशात कोंबून कोपऱ्यात उभी होती. आपल्या खोऱ्यातल्या ज्या बायका एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत त्या एकाच टेम्पोतून उतरल्या. मी मनात म्हटलं, माझ्या वेळी यातलं कोण कोण येईल? आणि लगेच मनातल्या मनात नावं गाळायला लागलो.

हे मी सुमनला बोलून दाखवलं. बायकोला नाही सांगायचं तर कुणाला? ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचा कसला हेवा करताय? शोभतं का या वयात?"

शोभत नाही, कबूल. पण मी वीसेक वर्षं तुझ्यावर जळतोय. तू गेलास म्हणून ते एका दिवसात कसं थांबेल? सवय आहे ती. सकाळच्या चहासारखी.

मंडळाची पोरं परवा घरी येऊन गेली. खोऱ्यातल्या पुणेकरांचं आपलं ते मंडळ. शोकसभेला छोटी पुस्तिका काढणार आहेत. म्हणाली, "मेंबर, सोपानदादांवर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" बघ, तू गेल्यावरसुद्धा तू सोपानदादा आणि मी नुसता मेंबर. त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो, तर हे असं झालं. हे काही त्यांना देता येणार नाही. का, ते वाचताना तुला कळेलच.

पोरांना वाटतं आपला वॉर्ड म्हणजे नकाशावरचं काहीतरी मोठं असावं, कारण आपण म्हातारे त्याबद्दल फार बोलतो. होतं काय खरं? धरणाच्या पाण्यापलीकडच्या तीन वाड्या. दोन हाकांच्या अंतरावर एकेक घर, मध्ये करवंदीच्या जाळ्या. खालची भातखाचरं पाण्यात गेली तशी माणसं पुण्याला उतरली आणि नावं तेवढी मतदार यादीत वर राहिली. एरवी वाड्यांत चारदोन म्हातारी माणसं आणि शेरडं. पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आपला वॉर्ड जागा व्हायचा, तोही वर नाही, इथं पुण्यात. वॉर्डातला प्रचार आपण कधी वॉर्डात केलाच नाही. तू मार्केट यार्डाच्या गाळ्यामागून निघायचास, मी हडपसरच्या गाडीतळापासून. दहा बाय दहाच्या खोल्या पालथ्या घालायचो. तुझी निशाणी शिट्टी होती आणि माझी कपबशी. ज्या घरात शिरू तिथं चहा व्हायचाच, म्हणून कपबशीवाला मी असूनही बोलणं तुझंच निघायचं. "सोपान आला व्हता का?" हे मी प्रत्येक उंबऱ्यावर ऐकलं. तू मला भेटायच्या आधी कधी भेटला नाहीस अशी एक खोली मला सापडली नाही.

आणि मतदानाच्या दिवशीची ती जीप. आजच्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. त्या घाटात गाडी घालायला एकटा गोविंदा जीपवालाच तयार असायचा, बाकीचे धरणाच्या भिंतीशीच हात जोडायचे. म्हणून तुझे मतदार आणि माझे मतदार एकाच जीपमधून जायचे. पुढं गोविंदाशेजारी तू आणि मी, मागं सगळी भेळ. डिझेल दोघांत. वाटेत कुणी विचारलं, "ही कुणाची गाडी?" तर गोविंदा म्हणायचा, "ज्याला मळमळंल त्याची." एका वळणावर तुझी माणसं उतरून धक्का मारायची आणि पुढच्या वळणावर माझी. इतर गावांत निवडणुकीत डोकी फुटायची. आपल्यात मात्र कोण कुणाच्या मांडीवर बसलंय एवढाच वाद असायचा.

या सगळ्याच्या वर ती रीत. मंडळाच्या पोरांना ती नीट ठाऊक नाही, तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो. पहिल्यांदा पेट्या आल्या तेव्हा दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे होते म्हणे. मत टाकून बाहेर आल्यावर एक म्हणाला, मी तुला दिलं. दुसरा म्हणाला, मी पण तुलाच दिलं, स्वतःला कसं देणार, लाज नाही का वाटत? तेव्हापासून ठरलं. आपल्या वॉर्डात उमेदवार स्वतःला मत देत नाही, समोरच्याला देतो. आपल्याच ताटात आपणच वाढून घ्यायचं नाही, तसं. दोघांनी दिलं की फिट्टंफाट, निकालाला काही धक्का नाही. लेखी काही नाही, बघायला कुणी नाही, पडद्याआड काय करतोस ते तुझं तुला माहीत. पण वाड्यांतली म्हातारी माणसं या एका गोष्टीवर फार ताठ मानेनं बोलायची. आपल्याकडे रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, दिवा नव्हता, पण ही रीत होती.

वीसेक वर्षांमागच्या त्या निवडणुकीत मी निवडून आलो. तू एका मतानं पडलास.

तालुक्याला मोजणी झाली, पुन्हा मोजली, तेच. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि पहिला गुलाल तूच लावलास. मी आनंदात होतो. तो आनंद किती टिकला असेल? धरणाच्या भिंतीपर्यंत. तिथं चहाला थांबलो तर आपल्या वाडीचा तात्या माझ्यासमोर म्हणाला, "सोपान आपलं मत राखता तर आज मेंबर असता. पर गड्यानं रीत मोडली न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. तू बशीत फुंकर मारत चहा पीत होतास. वर बघितलं नाहीस.

त्या दिवसापासून खोऱ्यात एक गोष्ट पक्की झाली. सोपाननं रीत पाळली आणि हातची जागा घालवली. मोठ्या मनाचा माणूस. आणि मी, बबन? बबन निवडून आला, म्हणजे बबननं स्वतःलाच दिलं असणार. हे कुणी तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मी काही सांगायला गेलो की लोक म्हणायचे, "जाऊ द्या मेंबर, झालं ते झालं." जसं काही मी माफी मागायला आलो होतो.

सोपान, मी तुला दिलं होतं. शिट्टीवर शिक्का मारला होता. खोटं कशाला बोलू, हात एकदा कपबशीवर नेलासुद्धा. पण मारला शिट्टीवर. त्या गोष्टीला साक्षीदार एक मी आणि एक तो पुठ्ठ्याचा आडोसा. इतक्या वर्षांत एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. रीत आपण दोघांनी पाळली आणि पुण्य सगळं तुझ्या खात्यावर गेलं. मला काय मिळालं, तर पाच वर्षांचं मेंबरपद.

त्या पाच वर्षांत मी काय कमी केलं? घाटाचा रस्ता कुणी आणला? यार्डात दिवसभर वजनकाट्यापाशी उभं राहून तोलाई करायची आणि सुटल्यावर पंचायत समितीच्या दारात जाऊन बसायचं, असे दिवस काढले मी. साहेब लोकांचं "उद्या या" ऐकून ऐकून माझ्या चपला झिजल्या. सुमन म्हणायची, एक गादी तिकडेच टाका. रस्ता झाला. खडीचा का होईना, झाला. उद्घाटनाला आमदार येणार होते, ते आले नाहीत. आलास तू, पुण्यात चालवायचास ती रिक्षा घेऊन. काळी-पिवळी रिक्षा घाट चढून वाडीत आली. म्हाताऱ्यांनी तिला ओवाळलं, पोरं मागं धावली, तुझ्या आईला तू तिच्यात बसवून देवळापर्यंत नेलंस. आजही वाडीत कुणालाही विचार, रस्ता कधी झाला? ते सांगतील, सोपाननं रिक्षा आणली त्या साली. रस्ता माझा आणि साल तुझं! मी त्या गर्दीत हार घेऊन उभा होतो, आमदारांसाठी आणलेला. शेवटी तो रिक्षाच्या आरशाला अडकवला.

ती रिक्षा माझ्या डोळ्यांत कायम खुपली. खोऱ्यातलं कुणी आजारी पडलं की ससूनला तू. कुणाची पोरगी दहावीला बसली की परीक्षेला तू. मीटर कधी पाडलास का रे आपल्या माणसांना? मी पण गेलो असतो, पण मला काय, मी पीएमटी बसच्या रांगेतला माणूस. आणि तू काही संत नव्हतास, हेही मी त्या पुस्तिकेत लिहिणार नाही, पण इथं लिहितो. पत्त्यांत तू सरळसरळ चोरी करायचास. सातला येतो म्हणून सांगायचास आणि नऊला उगवायचास, वर "ट्रॅफिक होता रे बबन्या" म्हणायचास. दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायचास, तीही मूळ माणसाच्या समोर. माझ्या सासऱ्यांची अस्वलाची गोष्ट तू माझ्याच मुलाच्या लग्नात तुझ्या नावावर खपवलीस, आणि सासरे हसत होते! माझ्या सांगण्यावर ते कधी हसले नाहीत.

नंतरचं आपल्या वॉर्डाचं काय सांगायचं. पुढच्या खेपेला जागा बायकांची झाली. देवळात बैठक बसली आणि सगळ्यांनी एका तोंडानं म्हटलं, मंजुळा वहिनी. सोपाननं एवढं सोसलं, आता त्याच्या घरात पद जाऊ द्या. माझ्या घरात पद होतं ते कुणाला सोसणं वाटलंच नाही. वहिनींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मला न्हाय जमायचं. मला हितं यायचंच न्हाय." इतक्या तुटकपणे की पुन्हा कुणी आग्रह केला नाही. तू खाली बघत होतास. मग उरली सुमन. सुमन बिनविरोध निवडून आली म्हणतात, पण तिला विचारलंसुद्धा कुणी नव्हतं. तिनं पाच वर्षं सह्या केल्या आणि एकदाही मला कुठं सही केली ते सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी एकच अर्ज आला. आणि या शेवटच्या खेपेला एकही नाही. जागा रिकामी राहिली. तीन वाड्यांतून उभं राहायला कुणी नाही, आणि खाली पुण्यातल्या पोरांना तिकडच्या नळाचं काय पडलंय? इथं त्यांचं नाव प्रभागाच्या यादीत आहे, त्यांना सोसायटीच्या पार्किंगचं पडलंय. मीसुद्धा माझं नाव हडपसरला आणलं. त्यावरून तू मला काय काय बोललास! "बबन्या, तू मेंबर व्हतास, तूच नाव काढलंस तर ऱ्हायलं काय?" मी म्हटलं, राहिलं काय म्हणजे, होतं तरी काय? बायपासच्या चहाच्या टपरीवर आपण भांडलो. टपरीवाल्याला वाटलं इस्टेटीचं भांडण आहे. ते भांडण तसंच राहिलं. तू नाव वरच ठेवलंस आणि ते आता मयत म्हणून कापतील.

पण माझा खरा वाद तुझ्याशी तो नव्हता. माझा वाद एकच, आणि तो मी वर्षातून एकदा तरी काढायचो. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी तुझ्या रिक्षाच्या मागच्या सीटवरून. "सोपान, खरं सांग, त्या दिवशी तू मला दिलंस ना?" मला काय ऐकायचं होतं माहितीये? तू नाही म्हणावंस. तू एकदा म्हणावंस, नाही रे, मी माझं मलाच टाकलं, तू तुझ्या ताकदीवर आलास. मग माझी जागा माझी झाली असती. तुझ्या उष्ट्याची नसती. पण तू दर वेळी तेच हसायचास आणि म्हणायचास, "मत गुप्त असतंय मेंबर." एरवी बबन्या, आणि या एका वाक्याला मेंबर. लोकांना त्या हसण्यात तुझा मोठेपणा दिसायचा. मला नुसता जळफळाट व्हायचा. आयुष्यात एकदा निवडून आलो, तेही तुझ्या दानावर, असं घेऊन मी इतकी वर्षं फिरलो.

तेराव्यानंतर मी तुझ्या घरी गेलो. शोकसभेचं विचारायला, फोटो कुठला लावायचा वगैरे. तुझी लेक कामावर गेली होती, खराडीला. वहिनी एकट्याच होत्या, मेथी निवडत बसल्या होत्या. मी आपला लोकांसारखंच बोललो. म्हटलं, "वहिनी, मंडळात सगळे त्याच मताची आठवण काढतात. त्यानं रीत पाळली म्हणून पडला. मी तर त्याचं ऋण फेडू शकलो नाही."

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "भाऊजी, तुम्ही तरी असं बोलू नका."

"का?"

"ह्यांनी तुम्हाला न्हाय दिलं. ह्यांनी आपलं आपल्यालाच टाकलं व्हतं." वहिनी माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "निकालाच्या दिवशी जीपमधनं उतरताना मला म्हनले, मंजे, मी रीत मोडली, आन तरी पडलो. कुनाला सांगू नको. न्हाय सांगितलं. आता सांगितलं तर त्यांना काय लागनार हाय?"

सोपान, मला वाटलं होतं हे ऐकलं की मी उडी मारीन. इतकी वर्षं हेच तर ऐकायचं होतं. रीत मी पाळली, तू मोडलीस, आणि तरी मी आलो! पण पहिल्यांदा डोळ्यांसमोर काय आलं, तर तो बशीतला चहा. तात्या तुझं कौतुक करत होता आणि तू वर बघत नव्हतास. मला तो नम्रपणा वाटला होता. आणि इतक्या वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, बबन्या, तू तरी मला दिलं होतंस का? मी म्हणायचो, बघा, किती मोठं मन, विचारतसुद्धा नाही. कसा विचारशील? मी हो म्हटलं असतं तर? मग तू काय केलं असतंस? लोक तुझ्या गळ्यात हार घालायचे तेव्हा तो हार तुला टोचत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. मी फक्त हाराकडे बघत होतो. ती फुकटची रिक्षा, ते ससूनचे हेलपाटे, त्यातलं किती त्या एका शिक्क्यापायी होतं आणि किती तुझ्या स्वभावापायी, हे मी ठरवणार नाही. तू असतास तरी सांगितलं नसतंस.

मग माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. मी तुला दिलं. तू स्वतःला दिलंस. म्हणजे तुझी दोन मतं तर पक्की होती. मग माझ्याकडे ते जास्तीचं मत कुठून आलं? दोन्हीकडची माणसं आपल्याला तोंडपाठ होती. त्या वॉर्डात कुणाच्या घरात कुणाची शिट्टी वाजणार आणि कुणाची कपबशी, हे आपण जीपमध्ये बसल्याबसल्या सांगू शकत होतो. त्या हिशेबानं तू एका मतानं यायला हवा होतास, म्हणजे तुझ्या बाजूचं कुणीतरी माझ्याकडे आलं होतं. मला खूश करायला तुझ्याकडून कोण फुटेल?

मी वहिनींकडे बघितलं. त्या मेथीकडे बघत होत्या.

"ते मत माझं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी तुम्हाला टाकलं."

"वहिनी!"

"ओरडू नका. चूक काय केलं मी? हे म्हनत व्हते, निवडून आलो की रिक्षा विकतो आन वर जाऊन ऱ्हातो. मेंबरनं गावात ऱ्हायला पायजे म्हनून. म्हनत म्हंजे नुसतं म्हनत नव्हते, गिऱ्हाइक बघितलं व्हतं रिक्षेला. पोरगी शाळेला जायची हितं. ती सोडून मी वर जानार न्हाय, आन हे खाली ऱ्हानार न्हाय. मग मी काय करायचं? मला हे संध्याकाळी घरात पायजे व्हते. दाराशी रिक्षा लागली की मला बरं वाटायचं. तेवढ्यासाठी टाकलं. तुमच्या रस्त्याबिस्त्यासाठी न्हाय हां, भाऊजी."

"त्याला कधी सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ते जेवले असते का माझ्या हातचं?" असं म्हणून वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडता मधेच हसल्यासुद्धा. म्हणाल्या, "पडल्यावर आठ दिवस माझ्यावरच चिडत व्हते. मनात म्हनलं, बरोबर मानसावर चिडताय."

घरी आलो. सुमन टीव्हीसमोर बसली होती. तिला वहिनींचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "त्या वर्षी तू मत कुणाला दिलंस गं?"

"तुम्हाला. आणखी कुणाला देणार?"

"मी निवडून आलो तर वर जाऊन राहीन, असं नाही वाटलं तुला?"

"वाटलं ना," सुमन म्हणाली. "म्हणून तर दिलं." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ती थट्टा करत होती. बहुतेक. चाळीस वर्षं पुण्यात राहून तिला ती कला छान जमली आहे. पण मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो ते बराच वेळ.

सोपान, मंडळाला मी दुसरा लेख देणार आहे. त्यात सोपानदादांनी रीत पाळली असंच असेल, रिक्षा असेल, ससून असेल, अस्वलाची गोष्टसुद्धा तुझीच असेल. लोकांनी तुला जे दिलं ते तुझं, त्याला मी आता हात लावत नाही. सगळ्यांना उभं राहून सांगावं, रीत मी पाळली होती, असं वाटतं मला. फार वाटतं. तू असतास तर एखाद्या लग्नात भर पंगतीत सांगितलं असतं आणि तुझं तोंड बघितलं असतं. आता कुणाचं तोंड बघू? वॉर्डात उभं राहायला माणूस नाही, तिथं ती रीत तरी कुणाला हवी आहे.

पण तुझ्यावरचा हेवा सुटला, असं समजू नकोस. आधी मी तुझ्या मोठेपणावर जळायचो. तो मोठेपणा थोडा कमी निघाला, तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुलाही माझ्याइतकंच निवडून यायचं होतं, हे कळलं तेव्हा तू मला एकदम जवळचा वाटलास, आणि तू नाहीस याचं रडू मला तिथं, वहिनींसमोर, पहिल्यांदा नीट आलं. आणि त्या रडण्यातच पुन्हा तुझा हेवा वाटला. मी वर जाऊन राहिलो असतो तर माझ्या घरात कुणी अडवलं नसतं, सोपान. मी निवडून आलो, कारण तू संध्याकाळी घरी यावास असं एका माणसाला वाटत होतं.